पुण्याचा अनामिक कुंभार आणि चेहऱ्याचे पुनर्वसन

माणूस माणसाला ओळखतो तो चेहऱ्यावरून. हातापायावरचा व्रण कपड्याखाली झाकता येतो, चेहरा मात्र चारचौघांत उघडाच राहतो. म्हणूनच की काय, आपल्या मराठी भाषेने अब्रूचा सगळा कारभार चेहऱ्याकडे सोपवला आहे. नाक कापले जाते, नाक घासावे लागते, तोंडाला काळे फासले जाते, तोंड दाखवायला जागा उरत नाही. ज्याचे नाक-तोंड खरोखरच अपघातात चेचले गेले आहे त्याला ही भाषा रोज कानांवर घ्यावी लागते. अशा माणसाचा चेहरा शस्त्रक्रियेने पुन्हा कसा घडवतात, आणि घडवल्यानंतर त्या माणसाचे पुढे काय होते, याची माहिती आपल्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. बी. ए. होऊन बँकेच्या काउंटरवर बसलेले कारकून आम्ही. परंतु या विषयाचा एक धागा थेट आपल्या पुणे शहरात निघतो आणि दुसरा बँकेच्या काउंटरपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. खाली 'बी. एल.' एवढीच सही होती. पत्रात हकीकत होती ती कावसजी नावाच्या एका मराठा शेतकऱ्याची. टिपू सुलतानाशी इंग्रजांचे जे युद्ध १७९२ साली संपले, त्यात हा कावसजी इंग्रजी फौजेच्या सामानाचे बैल हाकीत असे. (कावसजी हे नाव आज पारशी वाटते. शेतकरी कुळातील मराठा म्हटल्यावर मूळ नाव कावजी असावे आणि साहेबाच्या कानाने त्याचे कावसजी केले असावे, असा आमचा तर्क आहे.) तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापून टाकण्यात आला. नाक कापणे ही त्या काळी अनेक राजवटींत शिक्षा होती. जारकर्माच्या नुसत्या संशयावरून स्त्रियांचीही नाके कापली जात. माणूस जिवंत ठेवायचा, पण त्याला पुन्हा कोणासमोर उभे राहता येऊ नये अशी व्यवस्था करायची, हा या शिक्षेचा मतलब.

कावसजी वर्षाहून अधिक काळ नाकावाचून राहिला. त्यानंतर पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस वैद्य नव्हता, शास्त्री नव्हता. वीट पाडणाऱ्या जातीचा होता, एवढेच पत्रात लिहिले आहे. आपल्याकडे विटा पाडण्याचे व भाजण्याचे काम कुंभारांकडे असे, म्हणून मराठीत लिहिणारे त्याला कुंभार म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. मुंबई इलाख्याच्या नोकरीतील टॉमस क्रुसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना प्रत्यक्ष पाहिली. शनिवारवाड्यात तेव्हा सवाई माधवराव पेशवे होते, कारभार नाना फडणविसांकडे होता, आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट संगमावर राहत होता. पेशव्यांच्या दरबारी जेम्स वेल्स नावाचा चित्रकार आला होता. त्याने कावसजीचे चित्र काढले व ते छापील स्वरूपात १७९५ साली लंडनमध्ये निघाले. कपाळावर उलट्या पानासारखी खूण, नाक नीटस, नजर सरळ समोर, असे ते चित्र आहे.

त्या कुंभाराने केले ते असे. प्रथम मेणाची पातळ पापडी नाकाच्या खुंटावर बसवून तिला नाकाचा घाट दिला. मग ती पापडी सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ ओढली. म्हणजे नव्या नाकाला किती कातडे लागणार याचे अचूक बेतणे झाले. शिंपी कापड बेततो तसेच हे, फरक इतकाच की येथे कापड फुकट गेले तर दुसरे मिळत नाही. रेघेच्या आतील कपाळाचे कातडे त्याने सोडवून घेतले, परंतु दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवली. नाकाच्या खुंटाची जुनी, वाळलेली कड तासून ताजी केली, तिच्यामागे खाच पाडली. मग कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणले आणि त्याची कड त्या खाचेत बसवली. टाका एकही नाही. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक बसवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावले. रोग्याला पाच-सहा दिवस उताणे निजवून ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधील ती पट्टी कापून नाक मोकळे केले. आणि हे सगळे भुलीशिवाय, कारण ईथरची भूल जगात आली तीच मुळी १८४६ साली.

विद्यार्थी मित्रांनी यातील एकच गोष्ट नीट समजून घ्यावी, ती म्हणजे ती न कापलेली पट्टी. शरीरापासून पूर्ण तोडलेला कातड्याचा जाड तुकडा दुसरीकडे नुसता चिकटवला तर बहुधा काळा पडून गळतो, कारण त्याला रक्त मिळत नाही. कुंभाराने ठेवलेल्या पट्टीतून कपाळाची रक्तवाहिनी नव्या नाकाला रक्त पुरवीत राहिली आणि तोवर नाकाच्या खुंटातून नव्या बारीक वाहिन्या आत शिरल्या. आंब्याचे भेटकलम पाहिलेल्यांना हे लगेच उमगेल. भेटकलमात चांगल्या झाडाची फांदी झाडावरच ठेवून रोपाशी बांधतात आणि सांधा एकजीव झाल्यावरच ती मूळ झाडापासून कापतात. तोवर फांदी आईच्या दुधावर असते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रश्न असा की ही विद्या कुंभाराकडे आली कोठून? सुश्रुतसंहितेत कापलेले नाक नव्याने करण्याची कृती दिलेली आहे. तेथे झाडाच्या पानाने माप घेऊन गालाचे कातडे वापरण्यास सांगितले आहे. म्हणजे विद्या जुनी आहे. पण पुढे रक्ताला व पुवाला हात लावणे हे हलके काम ठरले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तर वैद्याच्या घरचे अन्नच वर्ज्य मानले आहे. पोथी एकाच्या घरात राहिली आणि सुरी दुसऱ्याच्या हातात गेली. न्हावी, हाडवैद्य, कुंभार अशा लोकांनी ती बापाकडून मुलाकडे देत चालवली. हिमाचलातील कांगडा येथे तर नाक करून देणारी घराणीच होती. ज्यांना पोथी वाचण्याचा अधिकार नव्हता त्यांच्या हातांत ही शस्त्रक्रिया जिवंत राहिली, आणि ज्यांच्या घरी पोथी होती त्यांच्यापैकी बहुतेकांनी तिचा प्रयोग करणे सोडून दिले. हे आपल्या इतिहासातले एक मोठे विचित्र प्रकरण आहे. चित्रकाराचे नाव राहिले, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे राहिली, रोग्याचे राहिले, करणाऱ्याचे कोणी विचारले नाही. पत्रात मात्र कातापासून तुपापर्यंत सर्व तपशील उतरवून घेतला आहे.

त्या पत्राने विलायतेत खळबळ केली. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने ते वाचून अनेक वर्षे प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफे याचे पुस्तक आले. युरोपात या पद्धतीला 'भारतीय पद्धत' असे नाव पडले, आणि कपाळाच्या कातड्याने नाक करण्याची ती रीत, आतून अस्तर व कूर्चेचा आधार देण्याच्या सुधारणांसह, आजही जगभर चालते. आपल्याकडे जुनागढ संस्थानचे डॉ. त्रिभोवनदास शहा यांनी १८८९ साली अशा शंभर शस्त्रक्रियांची हकीकत पुस्तकरूपाने छापली.

जाता जाता एका शब्दाबद्दल. प्लास्टिक सर्जरी म्हटले की पुष्कळांना वाटते, चेहऱ्यात प्लास्टिक भरतात. तसे नाही. हा शब्द बादल्या-बुटल्यांच्या प्लास्टिकहून जुना आहे. ओली माती हाताने घडवणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून तो आला. म्हणजे शब्दसुद्धा कुंभाराच्याच घरचा!

पुढचा मोठा टप्पा पहिल्या महायुद्धात आला. खंदकात उभ्या राहिलेल्या सैनिकाचे धड जमिनीखाली सुरक्षित, पण डोके वर. तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जबडे, नाक, गाल उडून जात. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले डॉ. हॅरल्ड गिलीज यांनी आधी ऑल्डरशॉट येथे आणि १९१७ पासून लंडनजवळ सिडकप येथे केवळ चेहऱ्याच्या जखमांसाठी रुग्णालय चालवले. तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. एकेका माणसावर दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा सुरी चालवावी लागे. गिलीज यांनी कातड्याच्या लांब पट्टीची, पोळीची सुरळी करावी तशी, नळी केली. उघडी, ओली बाजू आत गेल्याने ती जखम चिघळेना. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात हा केवढा आधार होता याची कल्पना करावी. छातीवरचे कातडे या नळीच्या वाटेने चेहऱ्यापर्यंत नेता येऊ लागले. तत्त्व तेच, कुंभाराची न कापलेली पट्टी.

सिडकपच्या वॉर्डांत आरसे नव्हते असे सांगतात. रुग्णालयातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काही बाके निळी रंगवली होती. त्यावर बसलेल्याचा चेहरा बिघडलेला असणार हे गावकऱ्यांना आधीच कळावे, ते दचकू नयेत, म्हणून. हेतू चांगला असेल, पण आम्हाला ही निळी बाके पटत नाहीत. त्याने गावाची सोय झाली, सैनिकाची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच नातलग डॉ. आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेड या गावी नेमके उलटे केले. विमानाच्या पेटत्या इंधनाने चेहरे व हात जळालेल्या वैमानिकांना त्यांनी रुग्णालयाच्या कपड्यांऐवजी स्वतःचा गणवेश घालू दिला, शस्त्रक्रिया अर्ध्यावर असतानाच बाजारात, सिनेमाला पाठवले. गावकऱ्यांना भेटून सांगितले की यांना घरी बोलवा, बोला, नजर चुकवू नका. १९४१ साली त्या रुग्णांनी स्वतःची संघटना काढली आणि युद्धाअखेर तिचे ६४९ सभासद झाले. 'टक लावून न पाहणारे गाव' असे त्या गावाचे नाव पडले. चेहऱ्याचे पुनर्वसन म्हणजे काय हे त्या गावाने पुस्तकाविना शिकून घेतले.

गिलीज यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी एक होते डॉ. नोशीर अंतिया. ते १९५० च्या दशकात भारतात परतले आणि पुण्यात काम करू लागले. कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात जाऊन ते कुष्ठरुग्णांची बसलेली नाके व वाकडी झालेली बोटे दुरुस्त करू लागले. येथे अपघात नाही, पण काम तेच आणि शिक्षाही तीच, समाजाने तोंड फिरवण्याची. कुष्ठरोगात नाकाचे बाहेरचे कातडे बहुधा शाबूत असते, आतील अस्तर व आधार झिजून नाक बसते. म्हणून आतून नवे अस्तर देऊन नाक उचलता येते. ज्यांना एरवी कोणी शिवत नसे त्यांच्यावर हा विलायतेत शिकलेला शल्यवैद्य तासन् तास काम करीत असे. पुढे त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली असाच स्वतंत्र विभाग सुरू केला होता. डॉ. अंतिया यांना १९९० साली पद्मश्री मिळाली, २००७ साली त्यांचे निधन झाले. पुण्यातून १७९४ साली गेलेली विद्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी कोंढव्याच्या टेकाडावर परत आली, असे आम्हाला वाटते.

आता आजच्या काळाकडे येऊ. आज पुण्यात चेहरा जातो तो तलवारीने नव्हे, तर दुचाकीवरून पडून. हेल्मेट म्हटले की पुणेकराच्या अंगात आंदोलन संचारते, हा अनुभव जुना आहे. त्यातही जे घालतात त्यांतले पुष्कळजण टोपीसारखे अर्धे हेल्मेट घालतात. त्याने कवटी वाचते, पण जबडा, दात व नाक उघडेच राहतात. हनुवटीपर्यंत येणारे, पट्टा लावलेले हेल्मेटच चेहरा वाचवते. खेड्यात मळणीयंत्र व उसाचा चरक ही दुसरी कारणे. वेणी, पदर किंवा ओढणी यंत्रात गेली की क्षणात कातडी ओढली जाते. १९९४ साली पंजाबात एका नऊ वर्षांच्या मुलीचा संपूर्ण चेहरा व डोक्याचे कातडे मळणीयंत्रात असेच निघून आले. घरच्यांनी ते पिशवीत घालून लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आणले. डॉ. अब्राहम थॉमस व सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून ते परत बसवले. संपूर्ण चेहरा परत बसवण्याची जगातील पहिली शस्त्रक्रिया म्हणून ती ओळखली जाते. ती पिशवी आणली नसती तर काहीच करता आले नसते.

म्हणून प्रथमोपचाराविषयी थोडे. जबडा मोडला की जीभ मागे पडते, तोंडात रक्त साचते आणि माणूस श्वास कोंडून जातो. चेहऱ्याच्या जखमेने जितके मरत नाहीत तितके यामुळे मरतात. शुद्धीवर असेल तर त्याला पुढे वाकून बसू द्यावे, नसेल तर मान न पिळता सगळे अंग एकदम कुशीवर करावे. रक्त येते तेथे स्वच्छ कापड दाबून धरावे. हळद, राख, चहापूड काही भरू नये. तुटलेला कातडीचा तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा व ती पिशवी बर्फावर ठेवावी, तुकडा थेट बर्फावर नको. मोठ्या माणसाचा किंवा मुलाचा पक्का दात पडला असेल तर मुळाला हात न लावता दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. ॲसिड अंगावर पडले असेल तर चोळू नये, वाहते पाणी निदान वीस मिनिटे, थांबवता ओतीत राहू नये असे नव्हे, तर न थांबता ओतीत राहावे.

रुग्णालयात श्वास व रक्तस्राव सांभाळल्यावर सी. टी. स्कॅन काढतात. रेने ल फोर या फ्रेंच डॉक्टरने १९०१ साली प्रेतांच्या कवट्यांवर प्रयोग करून दाखवले की चेहऱ्याची मधली हाडे कशीही मोडत नाहीत, ठराविक तीन रेषांनी मोडतात. आजही डॉक्टर त्याच रेषांच्या भाषेत बोलतात. मोडलेली हाडे टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या व स्क्रूंनी जुळवतात. जबडा नीट बसला की नाही हे ओळखण्याचे मोजमाप म्हणजे दात. वरचे व खालचे दात पूर्वीसारखे मिळाले तर हाडही जागेवर आले असे समजावे. काही वेळा दात तारेने एकमेकांशी बांधून काही आठवडे तोंड बंद ठेवतात. घरच्यांची खरी परीक्षा तेव्हा असते. पेज, डाळीचे पाणी, ताक, दूध, गाळलेले सूप नळीने पाजायचे, वजन उतरू द्यायचे नाही, आणि उलटी झालीच तर तार तोडता यावी म्हणून पक्कड उशाशी ठेवायची. जबड्याचे हाडच उडाले असेल तर पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसह काढून जबड्यात बसवतात आणि ती वाहिनी मानेतील वाहिनीला केसाहून बारीक धाग्याने जोडतात. कुंभाराला जी पट्टी पंचवीस दिवस ठेवावी लागली ती येथे काही तासांत साधते. फ्रान्समधील आमियां येथे २००५ साली मृत व्यक्तीच्या चेहऱ्याचा भाग एका स्त्रीला बसवला गेला, पण त्यासाठी जन्मभर औषधे घ्यावी लागतात.

टाके निघाले म्हणजे काम संपले असे नव्हे. तोंड पुरते उघडावे म्हणून दातांत आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून रोज एकेक वाढवत नेण्याचा व्यायाम असतो. पापणी मिटत नसेल तर डोळ्यात थेंब घालून रात्री तो झाकावा लागतो. व्रण पिकून फिका व्हायला वर्षभर किंवा अधिक लागते. तोवर उन्हापासून जपणे, मालिश करणे, सिलिकॉनची पट्टी लावणे चालू ठेवावे. पुढची शस्त्रक्रिया डॉक्टर मुद्दाम लांबवतात, त्यामुळे रोगी व नातेवाईक धीर सोडतात. 'आता काय, संसारच संपला' असे रोग्यादेखत बोलणारे पाहुणे दारातूनच परत पाठवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खर्चाचे म्हणाल तर, महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. हे मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. रस्ता अपघातातील जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार देण्याची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये लागू झाली. ॲसिड हल्ल्यातील व्यक्तीवर सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार केलेच पाहिजेत असा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तिला किमान तीन लाख रुपये भरपाई ठरवून दिली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिडग्रस्तांचा समावेश झाला. अपघाताने चेहरा गेलेल्याचे नाव मात्र त्या यादीत वेगळे नाही. दृष्टी, वाचा वा अन्य काही गेले असेल तरच त्याला प्रमाणपत्र मिळते. नुसता चेहरा गेला तर कागदोपत्री त्याचे काहीच गेले नाही!

आणि येथेच आमचे काउंटर येते. बँकेच्या दारावर पाटी असते, हेल्मेट व स्कार्फ काढून आत यावे. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे. पण एकदा एक खातेदार तोंडाला रुमाल बांधून आले. टेम्पोच्या अपघातात त्यांचा डावा गाल व नाक गेलेले होते, दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तिसरी बाकी होती. पहारेकऱ्याने रुमाल काढायला सांगितला, त्यांनी काढला आणि रांगेतली माणसे गप्प झाली. पासबुकावरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा. सही जुळत होती, फोटो जुळत नव्हता. 'साहेब, मीच आहे तो,' असे ते तीनदा म्हणाले. पैसे त्यांचेच, मागत होते तेही शस्त्रक्रियेसाठी. सहीवरून व जुन्या कागदांवरून त्यांचे काम झाले, पण त्यासाठी त्यांना आपला चेहरा चार टेबलांवर दाखवत हिंडावे लागले.

आता तर खाते मोबाइलवर उघडते, आणि समोर जिवंत माणूस आहे की चित्र, हे तपासण्यासाठी यंत्र 'डोळे मिचकावा' म्हणते. ज्यांच्या पापण्याच जळून गेल्या त्यांनी काय मिचकावायचे? एका ॲसिडग्रस्त महिलेचे खाते याच कारणाने अडले. ती व तिच्यासारखे इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने निकाल दिला की अशा सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाने वीस निर्देश दिले. डोळे मिचकावण्याखेरीज ओळख पटवण्याचे दुसरे मार्ग ठेवावेत व कागदी पद्धतही चालू राहावी, हे त्यांतले दोन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनेही आपल्या नियमांत दुरुस्ती केली. विचार न करता अर्ज फेटाळू नये, फेटाळल्यास कारण नोंदवावे, असे तीत म्हटले आहे.

तेव्हा आपल्या ओळखीत कोणी असे असतील तर त्यांना सांगावे की रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, आधार, जुने पासबुक व दोन नवे फोटो घेऊन आपल्या शाखेत जावे, शक्यतो गर्दी नसलेल्या वेळी, आणि फोटो बदलण्याचा साधा अर्ज द्यावा. सोबत कोणी गेल्यास उत्तम, पण बोलणे खातेदारालाच करू द्यावे. कोणी 'नाही' म्हटले तर कारण लेखी मागावे. नवा फोटो स्कॅन करून जुन्याच्या जागी चढवायला आमच्या काउंटरवर पाच-दहा मिनिटे लागतात.